ओली फडकी

बुटाची नाडी बांधायला माणूस वाकतो तसा शिल्पकार खाली वाकला, पण त्याच्या पायात चपला होत्या. हे तिला दिसलं. औषधांच्या दुकानात त्या दोघांच्या मध्ये टूथब्रशचा एक फिरता स्टँड तेवढा होता, आणि त्याच्या आडोशाला एवढा धिप्पाड माणूस मावणार कसा? पाठ बाहेर, एक कोपर बाहेर, पिकलेल्या केसांचा झुपका बाहेर. लहान मूल डोळे मिटून आपण कुणाला दिसत नाही असं समजतं, तसा तो खाली मान घालून नसलेली नाडी बांधत होता. तिने चटकन तोंड फिरवलं. काउंटरमागच्या फळीवरच्या बाटल्यांची नावं ती अशी लक्ष देऊन वाचू लागली, जणू उद्या त्यांच्यावर परीक्षा द्यायची आहे. मग त्याला निसटायला वेळ मिळावा म्हणून तिने औषधवाल्याकडे थर्मामीटर मागितला, तो पाहून झाल्यावर दुसरा मागितला, दोन्हींत फरक काय ते विचारलं. मागे दाराची घंटी वाजली. तो गेला. ती दोन थर्मामीटर हातात धरून उभी राहिली आणि तिचे कान तापले. लपला तो, आणि लाज वाटत होती हिला.

"अहो, गेले की काय ते?" औषधवाला म्हणाला. "खोकल्याचं औषध इथंच राहिलं त्यांचं. पैसे दिले आणि बाटली विसरले. तुमच्या ओळखीचे ना? तुम्ही आत आलात तेव्हा त्यांनी तुमच्याकडे बघितलं आणि..." तो मध्येच थांबला. त्यालाही चपला दिसल्या असाव्यात. "जाता जाता देऊन टाकाल?"

"देते," ती म्हणाली, आणि स्वतःसाठी जे घ्यायला आली होती ते न घेताच बाहेर पडली.

रस्त्यावर दुपारची वर्दळ होती. बाटली पर्समध्ये टाकायची सोडून ती हातातच धरून चालली होती. विमा एजंटाला पाहून लोक रस्ता ओलांडतात. घरमालकाला पाहून ओलांडतात. पण चष्मेवाल्या बाईला पाहून? तिच्याकडे तर लोक आपण होऊन येतात, स्टँडवर हनुवटी टेकवतात, ती सांगेल तिकडे बघतात, वर म्हणाली की वर आणि खाली म्हणाली की खाली. दिवसभर ती माणसांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन त्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजते, नाकाचा उंचवटा बघते, एक कान दुसऱ्यापेक्षा वर असेल तर काडी वाकवून चष्मा सरळ बसवते. माणसांपेक्षा तिला आधी चष्मे दिसतात. म्हणूनच मघाशी, तो वाकायच्या आधीच्या त्या एका क्षणात, तिला त्याच्या चष्म्याची डावी काडी दिसली होती. स्क्रू पडला होता आणि तिथे पांढरा दोरा गुंडाळला होता. काचांवर इतके ओरखडे, की आतून सगळं धुक्यात असल्यासारखं दिसत असणार. तिच्या वडिलांच्या वेळेपासूनचं हे गिऱ्हाईक. चष्मा मोडला की दुसऱ्या दिवशी दारात हजर व्हायचा. आता दोऱ्याने बांधून फिरत होता, कारण या भागात चष्म्याचं दुकान एकच, आणि त्या दुकानात ती बसलेली.

किती वर्षं झाली हे दोघांनीही मोजायचं सोडलं होतं. वडील गेले त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती त्याच्याकडे गेली होती. बाबांचा अर्धपुतळा करायचा, ब्रॉन्झमध्ये, दुकानात आरशाशेजारी ठेवायला. भाऊ फोनवर म्हणाला होता, "पुतळा? अगं, बाबांना साधा हार घातलेला आवडायचा नाही. फोटो लाव की एखादा." पण तिला फोटो नको होता. फोटो कुणीही लावतं. तिला काहीतरी जड हवं होतं, दोघांनी उचलून आणावं लागेल असं. शिल्पकाराने आगाऊ काही घ्यायला साफ नकार दिला होता. "तुमच्या वडिलांनी मला पहिल्यांदा दूरचं नीट दाखवलं," तो म्हणाला होता. "आधी होऊ दे, मग बघू." पैसे घेतले असते तर निदान मागायला तोंड राहिलं असतं. तसं काही नव्हतं, म्हणून सुरुवातीला ती सहज डोकावल्यासारखी जायची, मग सहज फोन करायची, आणि पुढे पुढे हा 'सहज' इतका अवघड झाला की तिने तोही सोडून दिला. भाऊ मात्र दर फोनला विचारायचा, "काय म्हणतोय पुतळा? चंद्रावर माणूस जाऊन आला यापेक्षा कमी वेळात." ती हसायची. कलावंत माणसं ती, लहरी असतात, म्हणायची. हे असं म्हणायची! सगळं त्याच्या अंगावर ढकलून मोकळी व्हायची, आणि फोन ठेवल्यावर किती तरी वेळ तिला स्वतःचा आवाज ऐकू येत राहायचा.

कारण खरं काय ते तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. मातीचं डोकं त्याने महिन्याभरात उभं केलं होतं. ती बघायला गेली तेव्हा त्याने ओली फडकी एकेक करून काढली, आणि शेवटचं फडकं निघालं तसे बाबा तिच्याकडे बघत होते. नाक थोडं चुकलं होतं, हनुवटी जरा जास्त मोठी झाली होती, पण डोळे. चष्म्याशिवायचे, जरा वर उचललेले, काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखे डोळे. आणि ती म्हणाली, "नाही हो. बाबांचे डोळे असे नव्हते. असे केविलवाणे नव्हते ते."

"नव्हते?" त्याने विचारलं. वाद घातला नाही. जरा वेळ मातीकडे बघत राहिला, मग अंगठा ओला केला आणि आधी एक डोळा पुसला, मग दुसरा. तिच्यासमोर. अंगठा दोनदा फिरला, झालं सगळं.

त्यानंतर ती जाई तेव्हा मापं घेऊन जाई. बाबांचा जुना चष्मा घेऊन गेली, तो मातीच्या नाकावर ठेवून बघितला, आणि नाक इथे दोन मिलिमीटर कमी, कान इथे तीन मिलिमीटर वर, असं सांगत सुटली. मापांत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तो मुकाट्याने तिच्या मिलिमीटरप्रमाणे माती काढायचा, घालायचा. डोळ्यांचं मात्र ती काही बोलायची नाही, आणि तोही विचारायचा नाही. डोळ्यांच्या जागी अंगठ्याने दाबलेले दोन खळगे तसेच राहिले. आणि दर खेपेला ते डोकं अधिक मापात बसत गेलं आणि बाबांपासून अधिक लांब गेलं. ज्यांचा कधी अपमान झालाच नाही असे वडील तिला हवे होते, आणि तसे वडील घडवून देणारा माणूस कुठून मिळणार?

रस्ता ओलांडताना एका गाडीने तिच्यावर हॉर्न वाजवला. ती दचकली, मागे आली, बाटली छातीशी धरली. तिला तो दिवस आठवायला नको होता, पण तो काय तिला विचारून येणार? दुकानात गर्दी होती. बाबांचा हात तेव्हा कापायला लागला होता, अंकांची गल्लत व्हायची. त्या आठवड्यात एका बाईला उजव्या डोळ्याची काच डावीकडे बसवून दिली होती आणि ती जिन्यावरून पडता पडता वाचली होती. तरी ते रोज यायचे, पांढरा कोट घालून, काचांची पेटी उघडून बसायचे. त्या दिवशी कुणाचे तरी डोळे तपासत होते, आणि एक काच घातली, काढली, परत तीच घातली, परत काढली. मागे रांग लागलेली. ती काउंटरमागून आली आणि तिने पेटी त्यांच्या मांडीवरून उचलून घेतली. "बाबा, तुम्ही आता बसा बघू निवांत. मी करते." अगदी गोड आवाजात. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, बाबाही चढवू शकले असते. हट्टी पोराला खेळणं काढून घेताना समजवावं तसं ती बोलली होती, आणि रांगेतलं कुणीतरी हसलं होतं. बाबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला, आणि वर बघितलं. तिने नजर वळवली. त्यासाठी तिच्याकडे कारण तयार होतं आणि ते बाबांनीच दिलेलं होतं. चष्मा काढलेल्या माणसाकडे रोखून बघायचं नाही, हा त्यांच्या धंद्यातला रिवाज. चष्मा काढला की माणूस उघडा पडतो, आपण तेवढ्यात काचेकडे बघायचं, असं ते तिला लहानपणापासून सांगत आले होते. ती काचेकडे बघत राहिली. बाबा उठले आणि मागच्या खुर्चीत जाऊन बसले. पुढे दुकानात येत राहिले, पण पांढरा कोट खुंटीवरून पुन्हा निघाला नाही.

आणि तपासणीच्या खुर्चीत त्या दिवशी जो बसला होता, नाकावर ती गोल जड फ्रेम, एका डोळ्यावर काळं झाकण, तो हा शिल्पकार होता. बाबांचं तोंड त्याच्यापासून वीतभर लांब होतं. तिने जे पाहिलं नाही ते त्याने एका डोळ्याने पाहिलं होतं, आणि मग मातीत करून तिच्यापुढे ठेवलं होतं.

दार त्याच्या बायकोने उघडलं. हाताला पीठ, कपाळाला पीठ. तिला पाहून ती दाराच्या चौकटीएवढी रुंद झाली. "ते घरात नाहीत, ताई. बाहेरगावी गेलेत."

आतून खोकल्याची उबळ आली. लांबलचक, घशापासून पोटापर्यंतची. दोघी ती संपेपर्यंत थांबल्या.

"त्यांचं खोकल्याचं औषध," ती म्हणाली आणि बाटली पुढे केली.

बायकोने बाटलीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पिठाचा हात कपाळावर मारला. "या आत. मेला माझाच जीव जातो खोटं बोलून बोलून. सांगून सांगून थकले त्यांना, जा आणि सांगा एकदा जमत नाही म्हणून. फाशी देणार आहे का ती बाई? पण नाही. रोज सकाळी उठले की आधी तुमच्या वडिलांना पाणी, मग आम्हाला चहा. गावाला जायचं झालं तर शेजारणीला सांगून जायचं, फडकी ओली ठेवा. एवढी माझी काळजी घेतली असती ना..."

"अजून आहे ते?" तिने विचारलं. तिला वाटलं होतं माती केव्हाच वाळून तडकली असेल.

"आहे म्हणजे! वाळेल कसं?"

मागच्या खोलीत तो उभा होता. हात मागे बांधून, शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखा. भोवती सगळीकडे सिमेंटचे मासे होते. उभे मासे, शेपटी वळवलेले मासे, तोंडाचा गोल चंबू करून बसलेले मासे, बागेतल्या कारंज्यांत लावतात तसे. मध्ये फिरत्या स्टँडवर प्लॅस्टिकखाली ते डोकं. खोलीला ओल्या मातीचा वास होता आणि छपराच्या काचेतून उजेड सरळ त्याच्यावर पडत होता.

"बसा ना," तो म्हणाला. बसायला काही नव्हतं. "मी येणारच होतो तुमच्याकडे. या महिन्यात नक्की..."

"मी मागायला आले नाही. पुतळा नको, हे सांगायला आले."

तिला वाटलं होतं हे वाक्य बोललं की झालं. येताना तिने ते चांगलं घडवून आणलं होतं, वर 'माझ्या मनात काही नाही' असं जोडायचंही ठरवलं होतं. मोठ्या मनाची बाई! त्याचा चेहरा उतरला. त्याने मान हलवली, एकदा, दोनदा, आणि म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. माझ्याकडून नाही झालं. हातच गेला माझा. त्या डोळ्यांनंतर मी माणसाचं तोंड केलं नाही कुणाचं." आणि ती समजली, की ही मोठ्या मनाची बाई आता 'असू द्या हो' म्हणून दार ओढून घेऊ शकते. तो जन्मभर हात गेला असं समजेल आणि आभारही मानेल. त्याला असं मोकळं करणं म्हणजे पुन्हा एकदा गोड आवाजात पेटी काढून घेणं. तिने एका माशाच्या डोक्यावर हात टेकवला.

"ते डोळे बरोबर होते."

"कुठले?"

"तुम्ही पहिल्यांदा केले ते. मी पुसायला लावले ते. बाबांचेच होते. मी बघताक्षणी ओळखले आणि तुमच्याशी खोटं बोलले."

दारात बायको बाटली आणि चमचा घेऊन उभी होती. मग त्याने हात उचलून भोवतालच्या माशांकडे केला, आणि त्याचा आवाज चिरकला. "मी मासे करतोय! इतकी वर्षं तोंडातून पाणी सोडणारे मासे करतोय मी, का तर माशाचे डोळे चुकले म्हणून कुणी सांगायला येत नाही. आणि तुम्ही..." पुढचं खोकल्यात गेलं. बायकोने पुढे होऊन त्याच्या तोंडात चमचा घातला, लहान मुलाला घालावा तसा. त्याने तो गिळला आणि पालथ्या हाताने तोंड पुसलं. "का?" त्याने विचारलं.

तिने सांगितलं. पेटीचं सांगितलं, गोड आवाजाचं सांगितलं, रांगेतल्या हसण्याचं सांगितलं. बोलताना ती त्याच्याकडे बघू शकली नाही, माशाच्या खवल्यांवरून नख फिरवत राहिली. "आणि खुर्चीत तुम्ही होता. मला वाटलं, तुम्ही ते मुद्दाम केलंत. मला दाखवायला."

"मी?" तो खरोखरच चकित झाला होता. "मला काय कळणार त्यातलं? मी तर तोंड बघत होतो. इतक्या जवळून इतका उघडा चेहरा मी कधी बघितला नव्हता. मनात म्हटलं, हा विसरायचा नाही. त्यांचा तिथं अपमान होतोय हे माझ्या डोक्यातच आलं नाही." तो थांबला. "चांगलं नाही हे. माणसावर काय बेतलंय आणि मी त्याच्या पापण्या मोजतोय." आता त्याचीही मान खाली होती. तिघं त्या माशांच्या गर्दीत उभी होती आणि कुणालाच कुणाकडे बघता येत नव्हतं.

जरा वेळाने त्याने प्लॅस्टिक काढलं, फडकी काढली. सगळं ओलं, चकचकीत, नाक जिथल्या तिथे, कान जिथल्या तिथे, हनुवटी मापात. डोळ्यांच्या जागी दोन खळगे. त्याचे दोन्ही अंगठे हवेत हलले. "आता करू?" तो हळूच म्हणाला. "हातात आहेत अजून ते डोळे माझ्या. तासाभरात होतील."

तिला हो म्हणायचं होतं. आयुष्यात दुसरं काहीच इतकं म्हणायचं नव्हतं. ब्रॉन्झचे बाबा आरशाशेजारी बसतील, गिऱ्हाइकं म्हणतील, केवढी माया मुलीची. तिला ते वाक्य ऐकू आलं, ते बोलणाऱ्यांचे चेहरेही दिसले, आणि एवढ्या खटाटोपाने तिला तेवढंच हवं होतं हेही दिसलं. काय दडवायला चालली होती ती, आणि कशाने, तर दोघांनी उचलाव्या लागणाऱ्या वस्तूने.

"नको," ती म्हणाली. "मोडा."

"रागाने म्हणता?"

"नाही. माझ्या मनात काही नाही." ठरवून आणलेलं वाक्य निघालं ते असं, घोगऱ्या आवाजात. "तुमच्या असेल तर राहू दे. तुमचा हक्क आहे."

त्याने माती कापायच्या तारेची दोन टोकं हातांत धरली आणि बराच वेळ विचार केला. "मासे खपतात चांगले," तो शेवटी म्हणाला. "आणि ही म्हणते, माझे मासे हसतात." एवढ्यावर त्याने तो विषय संपवला, आणि तार कपाळापासून खाली ओढली.

माती मऊ होती. इतकी वर्षं पाणी पिऊन लोण्यासारखी झाली होती. तो कापे आणि ती तुकडे कोपऱ्यातल्या पिंपात टाकी. नाक तिच्या तळहातात आलं तेव्हा तिला वाटलं होतं आपण रडू, पण ते थंड आणि जड होतं, एवढंच. तिने ते इतर मातीत दाबून टाकलं. आत लाकडाचा आणि तारांचा सांगाडा उरला. त्याने तोही मोकळा करून भिंतीला लावला आणि नवलाने रिकाम्या स्टँडकडे बघितलं. "उद्या सकाळी उठून मी काय करू?" तो म्हणाला.

"माझ्याकडे या," ती म्हणाली. नळाखाली हात धुऊन तिने पर्समधला छोटा स्क्रू-ड्रायव्हर आणि स्क्रूची डबी काढली. हे बरोबर घेतल्याशिवाय ती घराबाहेर पडत नसे. "आधी तो चष्मा द्या इकडे. बघवत नाही मला."

त्याने चष्मा काढून दिला. तिने दोरा सोडवला, स्क्रू बसवला, काडी उघडझाप करून बघितली. आता काच पुसायची, काचेकडे बघत पुसायची आणि काचेकडे बघतच परत द्यायची, हे हातांना न सांगता येत होतं. तिने हात थांबवले आणि मान वर केली. नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल खळ्या पडल्या होत्या. पापण्या सुजट, डोळे पाणावलेले, ती आहे त्याच्या जरा बाजूला कुठेतरी बघणारे. तो वाट बघत होता. तिला मान खाली घालावीशी वाटली, फार वाटली, पण ती बघत राहिली.

"काय झालं?" त्याने विचारलं. "काय बघताय?"

"नंबर वाढलाय तुमचा."

"नुसतं बघून कळतं?"

"टूथब्रशच्या स्टँडमागे लपलात तुम्ही. शेजारी एवढं मोठं कपाट होतं."

त्याचं तोंड उघडंच राहिलं, त्याच्या माशांसारखं. मग तो लाल होत गेला, कानांपर्यंत, आणि दारातून त्याची बायको पदर तोंडाला लावून हसू लागली, आणि मग तोही हसला, खोकला येईपर्यंत. तिलाही हसू आलं. तिने चष्मा त्याच्या नाकावर स्वतः चढवला, कानामागे काडी नीट बसली की नाही ते चाचपून पाहिलं, आणि दुकान किती वाजता उघडतं ते त्याला ठाऊक असूनही पुन्हा सांगितलं.

निघताना मागचं अंगण ओलांडून जावं लागत होतं. बायकोने तेवढ्यात ती सगळी फडकी पिळून दोरीवर वाळत घातली होती. त्यांच्यातून अजून पाणी ठिबकत होतं. दोरी खाली बांधलेली होती, त्यामुळे तिला वाकून जावं लागलं, आणि थेंब तिच्या मानेवर पडले.